वरचे मशीन, खालचे मशीन

"एकदा सांगितलेलं ऐकू येत न्हाई का तुला? पुन्हा सांगतो, नीट ऐक."

मी आमच्या गच्चीत कपडे वाळत घालत होते आणि शेजारच्या माडीच्या खिडकीतून काका कोणाला तरी दरडावत होते. एखादा गवंडी किंवा नळवाला सापडला असेल असे वाटून मी घाईने चिमटे आवरले, कारण दुसऱ्याला बोलणी बसत असताना तिथे उभे राहणे मला फार अवघड जाते. पण समोरून उत्तर आले नाही. नुसता कीबोर्डचा खडखडाट झाला आणि मागोमाग समाधानाचा हुंकार. काका कॉम्प्युटरला रागावत होते. त्या वर्षांत साताऱ्यात कॉम्प्युटर असलेली घरे मोजकी, आणि तिथली माणसे त्याच्यावर भरतकामाचे झाकण घालून त्याला पाहुण्यासारखे जपत. त्याला फौजेत भरती करून घेणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

काका मूळचे आटपाडीकडचे. घर मेंढपाळांचे, पण हे लहान वयात सैन्यात गेले, सिग्नलमध्ये तारा ओढत देशभर फिरले आणि सुभेदार होऊन साताऱ्यात येऊन स्थिरावले. पुण्याहून आणलेल्या एका मासिकाबरोबर कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीची सीडी फुकट आली आणि त्यांना त्यांची पलटण परत मिळाली. लिनक्स आपल्याला का आवडते हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, त्यातून गॅसचा सिलिंडर घेऊन येणाराही सुटत नसे. एक तर ते कोणालाही एकदम आत घेत नाही, आधी नाव विचारते, मग परवलीचा शब्द. दुसरे म्हणजे काम झाले की गप्प बसते. "झालं म्हणून सांगाय येत न्हाई, शाबासकी मागत न्हाई. असा जवान मला उभ्या नोकरीत मिळाला न्हाई," असे ते म्हणत. हुकूम मात्र अक्षर न अक्षर टाइप करूनच द्यायचा. पडद्यावर खिडक्या उघडून, त्यातल्या बटणांवर टिचक्या मारून काम उरकणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. "बोट दावून कंदी पेढा मागायचा असतोय," ते म्हणत, "नेटवर्क न्हाई."

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. शिक्षण सगळे इंग्रजी शाळेतले, त्यामुळे चारचौघांत मराठी बोलायला गेले की वाक्य मध्येच अडे, कोणीतरी हसे, आणि मग मी बोलायचेच सोडून दिले होते. आईने काहीतरी शीक म्हणून मला त्या माडीवर पाठवले. मी बराच वेळ दारातच उभी राहिले. काकांनी मला नखशिखान्त न्याहाळले, "कामाची हाय, बोलत न्हाई," असा शेरा मारला आणि जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तकातली पाने वाचून दाखवण्यावर माझी नेमणूक केली.

काकू सांगलीच्या. निवृत्त गणित शिक्षिका, आणि सांगलीच्या म्हटल्यावर वेगळे सांगायला नको, बुद्धिबळ खेळणाऱ्या. लहानपणी वडिलांचे बोट धरून क्लबात जायच्या आणि मोठमोठ्या पुरुषांना घाम फोडून परत यायच्या. लग्नानंतर पट कपाटावर गेला, कारण काकांना तो खेळच मान्य नव्हता. प्याद्यांनी आधी मरायचे आणि राजाने मागे लपून बसायचे, ही कसली लढाई, असे ते विचारत. पुढे ईमेल आले आणि काकूंनी फिनलंडमधल्या एका निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंशी डाव मांडला. एक चाल इकडून जायची, एक तिकडून यायची, आणि ठरलेल्या मुदतीत चाल गेली नाही तर डाव गेला. पहिले दोन डाव काकू हरल्या होत्या. "बाई चिकट आहे," त्या म्हणत. "तिच्याकडे अंधारच असतो म्हणे निम्मं वर्ष. दुसरं करणार काय."

पण टेलिफोन आणि त्याच्या तारेतून ईमेल नेणारे मोडेम वर माडीवर, आणि काकूंचे गुडघे त्यांना जिना चढू देत नव्हते. तेव्हा काकांनी एक जुना कॉम्प्युटर घेऊन तो खाली स्वयंपाकघराशेजारी मांडला आणि वरून खाली, जिन्याच्या कठड्याला धरून, एक जाड काळी केबल ओढली. प्रत्येक पायरीपाशी खिळा, प्रत्येक खिळ्याला सुतळीची गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत. काकूंनी पहिल्याच आठवड्यात त्या केबलवर हातपुसणी वाळत घातली आणि नेटवर्क बंद पडले. काकांनी तासभर शोध घेऊन ती हातपुसणी पुराव्यादाखल आम्हाला दाखवली.

नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनला स्वतःचा नंबर लागतो. तो लांबलचक असतो, पण घरातल्या घरात फक्त शेवटचा आकडा वेगळा. वरचे मशीन एक, खालचे दोन. वरच्याचा नंबर काकांनी मशीनमध्येच कायमचा लिहून ठेवला होता. खालच्याचा मात्र ते रोज सकाळी स्वतः जिना उतरून, हाताने टाइप करून देत. हा नंबरही कायमचा करता येतो हे मी त्यांना पुस्तकात बोट ठेवून दाखवले होते. ते म्हणाले, रोज सांगितलं न्हाई तर शिस्त मोडते. मग ते वर जात, खालच्या मशीनला हाक घालणारी आज्ञा देत आणि जिन्यातून ओरडत, "खालचं मशीन हाजिर हाय का?" मशीन पडद्यावर उत्तर देतच असे, तरी काकू पोहे परततापरतता "हाजिर" म्हणत. मग काका पुन्हा खाली येत आणि चहा होईपर्यंत काकूंच्या शेजारच्या स्टुलावर बसून राहत. शिस्तीच्या नावाखाली हा माणूस बायकोजवळ बसायला जिना उतरतो, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळले. 

न बोलणाऱ्या माणसाजवळ लोक गुपिते ठेवायला देतात. एकदा वर गेले तर काका पडद्यावर चक्क एक खिडकी उघडून, हातात माउस धरून बसले होते. मोडेमच्या आज्ञा काही केल्या जुळत नव्हत्या. मला पाहून त्यांनी माउस टॉवेलखाली सारला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मोडेमचं जरा निराळं हाय, पोरी. काकूला बोलू नगंस." त्याच आठवड्यात काकूंनी विणकामाच्या पिशवीतून लोकरीच्या गुंड्याखालचा माउस काढून दाखवला. मशीनवर नेटवर्क लावायची एक खिडकी असते, त्यात चौकटी भरायच्या आणि ओके म्हणायचे, हे त्यांनी स्वतः शोधून काढले होते. "शाळेत जनगणनेचे तक्ते भरलेत मी. ह्यात काय अवघड आहे? ह्यांना मात्र सांगू नकोस हो."

त्या मार्चमध्ये काका भावाच्या मेंढरांच्या लोकर-कातरणीला आटपाडीला गेले. कातरणी त्यांच्यावाचून अडत नव्हती, पण देखरेख हवी, असे त्यांचे मत. रोज संध्याकाळी स्टँडवरच्या बूथवरून फोन करून ते हजेरी घेणार होते. काकूंचा तिसरा डाव तेव्हा रंगात आला होता. त्यांना वजीर देऊन मात दिसत होती, आणि चाल पोहोचवायची मुदत काका गेल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री संपत होती. त्या दिवशी दुपारी दिवे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा वरचे मशीन मी चालू केले, ते एक नंबर घेऊन उभे राहिले. खालचे मात्र आपला नंबर विसरले होते, कारण तो सांगायला काका नव्हते. मी खाली येईपर्यंत काकूंनी माउस काढून खिडकीतल्या चौकटी भरल्या होत्या. नंबर घातला होता, एक.

एकाच नंबरची दोन मशीने झाली की पत्र कोणाला द्यायचे ते कळेनासे होते आणि काहीच जात नाही. मी अडखळत सांगितले की दोन घालायला हवा. काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मला माहीत आहे. गणित शिकवलंय मी," त्या म्हणाल्या. "दाराच्या पाटीवर ह्यांच्यानंतर मी दोन, रेशनकार्डावर दोन, लग्नपत्रिकांवर दोन. पटावर मी कोणाच्या मागे नसते. हे मशीन माझं आहे ना? मग ते एक."

मी म्हटले, डाव जाईल. त्या म्हणाल्या, जाऊ दे. पण हात मांडीवर घट्ट धरलेले होते आणि डोळे पटावरच्या वजिरावर. वरच्या मशीनचा नंबर बदलता आला असता, पण त्याचा परवलीचा शब्द काकांनी कोणालाच सांगितलेला नव्हता. तेवढ्यात वर फोन वाजला.

आज ते घर दुसऱ्या कोणाचे आहे. काकू तो डाव जिंकल्या. फिनलंडच्या बाईंनी अभिनंदनाबरोबर बर्फातल्या आपल्या घराचे चित्र पाठवले, आणि काकांनी ते छापून आणून जिन्यात लावले. पुढे दोघे सांगलीला काकूंच्या माहेरच्या माणसांजवळ राहायला गेले, आणि एका पावसाळ्यानंतर काकू एकट्याच उरल्या. मी भेटायला गेले होते. सकाळी स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारी एक स्टूल रिकामे होते आणि त्या ते कोणाला हलवू देत नव्हत्या. पण हे सगळे नंतरचे. त्या संध्याकाळी मी काकांच्या खुर्चीत, जिथे कोणी बसायचे नसते तिथे, रिसीव्हर कानाला लावून बसले होते. पलीकडे एस.टी.चे हॉर्न आणि मेंढरांचा कालवा चालला होता.

"खालचं मशीन हाजिर हाय का?" काकांनी विचारले. मी नाही म्हणाले. दिवे गेले एवढे ऐकताच त्यांनी ओळखले आणि हुकूम सुरू केला: खाली जा, माउसला हात लावू नको, मी सांगतो तसं टाइप कर, शेवटी दोन. "कळलं का? बोल की, पोरी. बूथवर माणसं थांबल्यात."

खाली जिन्याच्या पहिल्या पायरीशी काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या वर माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडात नेहमीप्रमाणे वाक्य अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी असे अडकले. मी ते पुन्हा पहिल्यापासून जुळवले, आणि काकूंनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "काका, काकू एक नंबरच राहणार. परवलीचा शब्द सांगा, मला तुम्हाला दोन करायचंय."