लाह्याला जेवण नव्हतं

"हे डबे क्रूचे आहेत. या सगळ्यांना जेवायला कुणी बोलावलं होतं?"

मॅडम एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. बाच्या हातातलं खोकं तेवढं काढून घेतलं. बा म्हणजे माझा बाप. आपल्या दारात माणसं कामाला आलीत, जेवणवेळ टळून गेलीय, समोर जेवणाचं खोकं आहे, तर वाढायला घ्यावं, इतकं साधं त्याच्या डोक्यात होतं. सत्तेचाळीस माणसं बघत होती. सकाळपासून सिमेंटच्या गोण्या डोक्यावर वाहिलेली माणसं. बाचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग त्याने ते धोतराला पुसले. काही लागलेलं नसताना पुसले.

मी मॅडमच्या शेजारी उभी होते. गळ्यात कंपनीचं आयकार्ड. त्यावर माझं नाव, खाली 'मार्केटिंग इंटर्न'. 

मॅडमचं सांगेनच. पण आधी माझं सांगायला पाहिजे. कारण त्या सत्तेचाळीस जणांना बोलावलं होतं मी.

आमचा पाडा धडगावच्या वर, डोंगरात. घरात पावरी बोलतो. मराठी मी आश्रमशाळेत शिकले, मार खात खात. मग शहाद्याला हॉस्टेल आणि बीबीए. शेवटच्या वर्षाला दोन महिन्यांची इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी मिळत नाही. वर्गातल्या मुलींनी शहाद्यातच सोय लावून टाकली. कुणी काकाच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, कुणी मामाच्या बियाण्यांच्या दुकानात. माझा काका ऊस तोडायला जातो. त्याच्याकडे कसली इंटर्नशिप करू?

मी मोबाइलवरून दिसेल त्या कंपनीला अर्ज केले. एकीचं उत्तर आलं. पुण्याची, स्केटबोर्ड बनवणारी. स्केटबोर्ड म्हणजे काय तेही मला ठाऊक नव्हतं. व्हिडिओ बघितले. चार चाकांची फळी. शहरातली पोरं तिच्यावर उभी राहतात, उडी मारतात, आपटतात, हसतात, परत चढतात. आमच्याकडे पोरं डोंगरावरून पडली की आया रडतात. मला गंमत वाटली. पण निवड झाली त्या दिवशी मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले. पाड्यातली पहिली मुलगी, जी पुण्याला ऊस किंवा विटा सोडून दुसऱ्या कशासाठी चालली होती.

आणि खरं सांगते, काम मला आवडलं. रीलखाली दोन ओळी कशा लिहायच्या, लोक व्हिडिओ कुठल्या सेकंदाला सोडून देतात, दुकानदाराशी फोनवर काय बोललं की तो बोर्ड ठेवायला तयार होतो, सगळं शिकत होते. ऑफिसात मला 'जंगल क्वीन' म्हणायचे. प्रेमाने म्हणायचे, असं तेच सांगायचे. मीही हसायचे. काय करणार होते? दोन महिने काढायचे होते. शेवटी मॅडमची सही हवी होती. मॅडम म्हणजे मार्केटिंगच्या मुख्य. सर्टिफिकेट त्यांच्या सहीचं, आणि पुढे नोकरीचं बघू म्हणणाऱ्याही त्याच.

तीन आठवडे झाले आणि मॅडमनी नवीन कॅम्पेन काढलं. डोंगरातल्या एका पाड्यात छोटा सिमेंटचा रॅम्प, म्हणजे फळी पळवायचा उतार, बांधायचा, तिथल्या मुलांना बोर्ड द्यायचे, फिल्म करायची. पाडा कुठला, तर माझा. मला तर आभाळ ठेंगणं झालं. पण अडचण होती. आमच्या पाड्याला रस्ता नाही. गाडी खालच्या नाल्यापर्यंत येते. तिथून सिमेंट, रेती, पाणी, सगळं अर्धा तास चढून डोक्यावर न्यायचं. धडगावच्या ठेकेदाराने नाही म्हटलं. मीटिंगमध्ये सगळे गप्प बसले होते, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी हात वर केला.

"मॅडम, आमच्याकडे लाहा असतो."

लाहा म्हणजे काय ते सांगितलं. कुणाचं घर शाकारायचं, कुणाचं शेत निंदायचं, की त्या घरचा माणूस दारोदार जाऊन सांगतो. ठरल्या दिवशी प्रत्येक घरातलं एकेक माणूस येतं. मजुरी कुणी घेत नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मी इतक्या अभिमानाने सांगत होते, की बोलता बोलता उभीच राहिले. मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'गावाचं श्रमदान'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

एक गोष्ट मी सांगितली नाही. ज्याचा लाहा त्याचं जेवण. डाळ-भाकरी असो नाहीतर बोकड, पण पोटभर. लाह्याला आलेलं माणूस उपाशी गेलं, तर त्या घराचं नाव गेलं. मग त्या घराच्या लाह्याला कुणी येत नाही. हे मी लपवलं नाही हो. हे सांगावं लागतं, हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्यात हे कुणी कुणाला सांगत नाही. पाणी ओलं असतं हे कुणी सांगतं का?

बाने फोनवर विचारलंही होतं. "जेवणाचं काय?" कामाच्या कागदावर मी 'लंच' असं लिहिलेलं बघितलं होतं. म्हटलं, "कंपनी करणार, बा." आणि माझा बाप, ज्याने जन्मात कुणाच्या लाह्याला दांडी मारली नाही, तो घरोघर फिरला. माझ्या पोरीचं काम आहे, या.

मे महिना. आमच्याकडे कैऱ्यांचे दिवस. बाया दारोदारी कैऱ्या चिरून आमचूर वाळत घालतात, तेवढ्यावर पुढचे काही महिने निघतात. त्या बाया चिरायच्या कैऱ्या तशाच टाकून आल्या. ऊसतोडीवरून नुकती परतलेली माणसं आली. सकाळी सात वाजता पहिली गोणी उचलली गेली. मॅडम, कॅमेरावाले, बोर्डवाले असे क्रूचे बारा जण होते. डबे बारा होते.

शहाद्याहून क्रूची जीप घेऊन आलेला ड्रायव्हर अकराच्या सुमाराला माझ्याजवळ आला. हळूच अहिराणीत विचारलं, "ताई, या लोकेसले जेवन शे ना?" जेवणाचं परक्या माणसाला दिसलं, मला दिसलं नव्हतं. मी खाली जीपकडे पळाले. डबे मोजले. बाराच.

मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, आता इथे मी कुठून आणू, आधी का नाही सांगितलंस, आणि श्रमदान आहे ना हे? त्यांचं सगळं बरोबर होतं. त्यांच्या जगात बरोबर होतं. मी तोंड उघडायचे आणि माझ्या तोंडून नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" यायचं. त्यानंतर बाने ते खोकं उचललं. पुढचं सांगितलंय.

आईने घरातलं ज्वारीचं पीठ सगळं काढलं. शेजारून मागून आणलं. पण चूल दोन आणि तोंडं सत्तेचाळीस. तीन वाजता एकेकाला अर्धी भाकरी आणि उडदाच्या डाळीचं पाणी मिळालं.  सगळ्यांनी खाली बघून खाल्लं. भांडले असते तर मी कुणाच्या तरी पाया पडले असते. गप्प बसलेल्या माणसांच्या पाया कसं पडणार?

पाच पावलांवर झाडाखाली बारा जण डबे खात होते.

आणि वर मॅडमना शॉट हवा होता. रॅम्पभोवती सगळ्यांनी गोल करून नाचायचं. म्हणाल्या, "त्यांना सांग, आनंद दिसला पाहिजे." मी पावरीत सांगितलं, की पाहुणे तुमचे आभार मानतायत, जरा उभे राहा. खोटं सांगितलं. दोन्हीकडचं खोटं. लोक उभे राहिले. सायसिंगकाका, पाड्यातला सगळ्यात म्हातारा, ज्याच्या शब्दावर पाडा चालतो, तो काठी टेकून उठला आणि कॅमेऱ्यासमोर नुसता उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, या आजोबांना जरा मागे घे. मी काकाच्या दंडाला धरून त्याला मागे नेलं. मी. माझ्या हाताने.

पुण्याला परत गेले. का गेले? सही बाकी होती.

आठवड्याने फिल्म तयार झाली. मॅडमनी मला बोलावून कागदांचा गठ्ठा दिला. प्रत्येकावर एकच मजकूर. मी स्वेच्छेने श्रमदान केले आहे, माझी कंपनीकडून कोणतीही अपेक्षा नव्हती व नाही. खाली सहीची किंवा अंगठ्याची जागा. याच्याशिवाय फिल्म दाखवता येत नव्हती. म्हणाल्या, तुझीच माणसं आहेत, पटकन देतील. आणि पुढे असंही म्हणाल्या, की हे झालं की सर्टिफिकेट देते आणि तुझं इथलं पक्कं करते. मी थँक्यू म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

शहाद्याहून धडगावची एसटी, तिथून जीप, मग चढण. आधी सायसिंगकाकाकडे गेले. त्याने अंगठा दिला की बाकीचे विचारणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. मार्केटिंगच शिकले होते ना मी. काका ओसरीत कैऱ्या चिरत होता. मला बघून त्याने सूप बाजूला सरकवलं, पाणी दिलं. त्या दिवसाचं एका शब्दाने काढलं नाही. मी कागद काढला, शाईचं पॅड उघडलं. काय लिहिलंय ते त्याने विचारलंच नाही. अंगठा शाईत बुडवला आणि म्हणाला, "कुठे लावू?"

मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, थांब काका, वाचून दाखवते. आणि पावरीत सांगायला लागले. स्वेच्छेने, ते जमलं. 'कोणतीही अपेक्षा नव्हती' याशी आले. पावरीत ते असं झालं, की आम्हाला काही नको होतं.

काका कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भूक लागली होती, पोरी. ते लिहिलंय का त्यात?"

चिडून नाही म्हणाला. खरंच विचारत होता.

मी त्याचा अंगठा धरला आणि माझ्या ओढणीने पुसला. शाई जात नव्हती. थुंकी लावून पुसला. मला हुंदका फुटला, आणि काका घाबरला, की आपण काही चुकीचं बोललो.

आमच्याकडे रेंज टेकडीवर मिळते. तिथे चढून मॅडमना फोन लावला.

"सह्या मिळणार नाहीत, मॅडम."

"का? नाही म्हणतायत ते?"

"ते हो म्हणतायत. मी घेणार नाही."

 मग त्या म्हणाल्या, "तू काय सोडतेयस, कळतंय का तुला?"

"कळतंय," म्हटलं.  हे मी न अडखळता बोलले.

सर्टिफिकेट आलं नाही. वर्ष अडकलं. कॉलेजातले सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, यांना संधी दिली तरी लाथाडतात. 'यांना'. फिल्म आलीच. चेहरे कापून. नुसते हात, पाय, गोण्या, आणि वर गिटारचं संगीत. खाली लोकांनी लाल बदाम टाकलेत.

पावसाळ्यात बाने निंदणीचा लाहा सांगितला. घरोघर फिरला. चौघं आले, तेही सख्खे चुलत. बाकीच्यांना कामं होती. कुणी दोष दिला नाही. आमच्याकडे हे असंच सांगतात. मी, आई आणि बा, आम्ही अकरा दिवस वाकून निंदत होतो, तरी अर्ध्या शेतात गवत माजलं.  

आता परवा हॉस्टेलमधल्या एका मुलीने सांगितलं. तिचा पाडा तोरणमाळकडे. तिथे पुण्याची माणसं येऊन गेली, चाकांच्या फळ्या घेऊन. दुसरा रॅम्प करायचाय. त्यांनी तिच्या वडिलांना विचारलं म्हणे, तुमच्याकडे तो लाहा असतो ना, तो लावता येईल का?

हा शब्द त्यांना मी दिला. त्यांच्या फळ्यावर मी चढवला.

रविवारी मी त्या पाड्यात गेले. सगळ्यांना बसवलं आणि जे झालं ते सांगितलं, माझ्या नावासकट, अर्ध्या भाकरीसकट. सांगताना मान खाली गेली, तरी सांगितलं. येत्या सोमवारी मॅडम येणार आहेत. मी तिथे असेन. त्या बोलतील ते पावरीत सांगेन, एक शब्द गाळणार नाही. पाडा बोलेल ते मराठीत सांगेन, त्यातलाही एक शब्द गाळणार नाही. पहिली गोष्ट जेवणाची निघेल. किती माणसं, कोण वाढणार, किती वाजता. ते मी कागदावर लिहीन आणि खाली सही मॅडमची घेईन.

सही नाही, तर एकही गोणी डोक्यावर चढणार नाही.