हवेशीर म्हणजे काय

आमची आत्या घरं दाखवते. विकत घेत नाही, विकत नाही, फक्त दाखवते. ज्यांच्याकडे घरं असतात त्यांना यायला वेळ नसतो आणि ज्यांना घरं हवी असतात त्यांना ती सापडत नाहीत. या दोघांच्या मधला जिना म्हणजे आत्या. संध्याकाळी परत येते तेव्हा एक चप्पल दाराबाहेर निघते, दुसरी आत, आणि आईच्या शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर बसून ती हात वर करते. "कुणी काही विचारू नका. आजचं तोंड संपलं."

तोंड संपणं हा तिच्या धंद्याचा आजार आहे. दिवसभर तेच बोलायचं आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं बोलायचं. "या, या, चपला राहू द्या. हा हॉल. बघा ना, किती हवेशीर आहे!" हे 'बघा ना' असं म्हणायचं की समोरच्याला वाटावं, हवा दिसते.

तिची भाषा आम्हाला घरात सगळ्यांना कळते. आटोपशीर म्हणजे पलंग ठेवला तर कपाट नाही, कपाट ठेवलं तर पलंग नाही, आणि दोन्ही ठेवलं तर तुम्ही नाही. शांत परिसर म्हणजे तिथे बस जात नाही. मध्यवर्ती म्हणजे खाली गॅरेज आहे. शेजार चांगला म्हणजे भिंती पातळ आहेत. आणि हवेशीर म्हणजे ज्या घराबद्दल बोलण्यासारखं काहीच सापडत नाही ते. खिडकी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बाबा शहराची बस चालवतात. रस्त्यावर खोदकाम दिसलं की घरी येऊन म्हणतात, "भाव चढणार." आत्या म्हणते, भाव नंतर चढतात, आधी माझे शब्द बदलतात. मंदी होती तेव्हा ती गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "सावकाश विचार करा, घाई नाही." गिऱ्हाईक इतका सावकाश विचार करायचं की त्या घरात कबुतरं संसार थाटायची. मग नदीवर दुसरा पूल झाला. मोठमोठी ऑफिसं आली, त्यांच्या मागून पाठीला पिशव्या लावलेली तरुण माणसं आली, आणि आत्या उभ्याउभ्याच म्हणायला लागली, "काय ते आत्ता सांगा, जिन्यात दुसरी पार्टी थांबलीय." पहिल्या वर्षी जिन्यात कुणीच नसायचं. आता खरंच असतं.

नदीपलीकडे राहायला गेल्याचं पूर्वी लोक कुजबुजत सांगायचे, जणू घरात कुणी आजारी आहे. आता ते 'नदीकाठी' झालं. आणि आमच्या घरातली ती खोली, आत्या जिथे झोपते ती! आम्ही आलो तेव्हा घरमालकीणबाई तिला अडगळ म्हणायच्या. मग बाजार थोडा वर आला, ती 'अर्धी खोली' झाली. हल्ली तसल्या खोलीला आत्या गिऱ्हाइकांसमोर 'स्टडी' म्हणते. "मी स्टडीत पाय दुमडून झोपते," असं तिनं एकदा जेवताना सांगितलं आणि बाबांना ठसका लागला.

तर त्या घरमालकीणबाईंचा फोन आला. त्या मुलाकडे दुसऱ्या शहरात राहतात आणि प्रत्येक वाक्याला समोरच्याकडून पावती घेतात.

"भाव चांगला आलाय, हो की नाही?"

"आलाय," आत्या म्हणाली. फोन स्पीकरवर होता, कारण आत्याचे हात कणकेत होते.

"आत्ता नाही विकलं तर मूर्खपणा, हो की नाही?"

आईचं यंत्र थांबलं.

"तू तर घरचीच आहेस. परक्या एजंटाला कशाला देऊ? तूच दाखव, तूच विक, कमिशन तुझंच. तुमचं भलं, माझं भलं. हो की नाही?"

आत्यानं कणकेकडे बघत म्हटलं, "हो."

मग तिनं कोपरानं फोन बंद केला. आई पुढच्या खिडकीपाशी बसून शिवते, कारण सगळा उजेड तिथेच येतो. समोरच्या गल्लीत शाळा आहे. अर्ध्या शाळेचे गणवेश आई उसवते, वाढवते, आखूड करते. मुलांच्या आया खालूनच हाक मारतात आणि आई दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडते. हे घर गेलं तर आम्हाला परवडणार नदीपलीकडचंच, आणि तिकडे ही पिशवी कुणासाठी सोडायची?

"ताई, नाही म्हणायचं होतं," आई म्हणाली.

"मी नाही म्हटलं असतं तर कोपऱ्यावरचा तो चकचकीत बूटवाला एजंट आला असता. त्यानं आठवड्याच्या आत विकलं असतं आणि आपल्याला फोन करून सांगितलं असतं, सामान कधी हलवताय."

"मग?"

"मग काय, मी दाखवते ना. माझ्या पद्धतीनं."

"म्हणजे?"

"खरं सांगते," आत्या म्हणाली. "सगळं खरं सांगते. बघू कोण घेतंय. दोन-चार महिने कुणी फिरकलं नाही की बाई कंटाळतील. भाडं वाढवून मागतील, देऊ. राहू."

बाबा म्हणाले, "बघू." बाबा प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणतात, पण या वेळी त्यांचा आवाज जरा आशेवर होता.

पहिलं जोडपं आलं ते भिंतीवर लाल ठिपका मारून अंतर मोजणारं यंत्र घेऊन. नवरा ठिपका मारायचा, बायको आकडा मोबाइलमध्ये टिपायची. आत्या त्यांच्या मागे मागे, हात मागे बांधून, पंचनामा केल्यासारखी.

"हा नळ. वरच्यांनी पाणी सोडलं की हंबरतो."

"हंबरतो?"

"म्हशीसारखा. सवय होते. पाहुण्यांना होत नाही. ही बाथरूमची कडी. आतून लावली की बाहेरून कुणीतरी दार उचलून धरावं लागतं, तरच निघते. घरात एकटे असाल तर लावू नका."

नवऱ्याचा लाल ठिपका आत्याच्या कपाळावर येऊन थांबला. ते दोघं चहासुद्धा न घेता गेले. आईनं त्या दिवशी शिवताना गाणं गुणगुणलं.

मग एक गृहस्थ आले, गुंतवणूक करणारे. त्यांनी घर बघितलंच नाही. दारात उभं राहून विचारलं, "भाडेकरू आहेत म्हणे आत. कसे आहेत?" आई खिडकीपाशी शिवत होती, तिला ते मोलानं बसवलेली समजले असावेत.

आत्यानं उसासा सोडला. "वाईट. फार वाईट हो. निघता निघत नाहीत. आणि त्यातली एक बाई तर इतकी बोलते, इतकी बोलते..."

आईनं तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून बरं. गृहस्थ जिना उतरता उतरताच फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नको, नको, भाडेकरूंची कटकट आहे."

आम्ही हसलो खूप. पण आत्या स्टुलावर बसली आणि पोटऱ्या चेपायला लागली. "खोटं बोलून दमते त्यापेक्षा खरं बोलून जास्त दमायला होतं," ती म्हणाली. "खोटं पाठ असतं."

असे बरेच आले आणि गेले. कुणी नळाला घाबरलं, कुणी जिन्याला, कुणी दुपारच्या उन्हाला, जे स्वयंपाकघरात असं येतं की ओट्यावर कपडे वाळवता यावेत. घरमालकीणबाईंचे फोन आखूड होत गेले. "एवढ्या तेजीत माझंच घर कसं जात नाही? दाखवतेस ना नीट, हो की नाही?" आत्या म्हणायची, "सगळं दाखवते." त्यात एक शब्द खोटा नव्हता.

आणि मग नर्सबाई आल्या.

ड्यूटीवरून थेट आल्या होत्या. पांढरे बूट, हातात डबा, चेहऱ्यावर आत्यासारखाच तोंड संपलेला भाव. दारात थांबून त्यांनी आधी श्वास घेतला, मग विचारलं, "तुम्ही आता हवेशीर म्हणणार का? म्हणणार असाल तर मी इथूनच जाते. गेले कितीतरी रविवार मी हवेशीरच बघतेय. परवाच्या हवेशीरमध्ये मेणबत्ती लावून बघायची वेळ आली होती."

आत्या पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर खरीखुरी हसली. "नाही म्हणत. बसा आधी."

नर्सबाई बसल्या. बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते त्यांनी लपवलं नाही. जन्मभर भाड्यानं राहिल्या, आता त्यांच्या मालकानं घर विकायला काढलं होतं. "म्हणाला, बाजार वर आहे. माझे गुडघे खाली आहेत, ते त्याला कसं सांगू? म्हटलं, साठवलेलं सगळं घालते, पण आता कुणी उठ म्हणणार नाही अशा ठिकाणी बसते."

आत्या उठली आणि घर दाखवायला लागली. नळ हंबरतो. कडी अडकते. ऊन येतं. तिसरा मजला आहे, गुडघे विचारात घ्या. पावसाळ्यात या कोपऱ्याला नकाशा उमटतो. दर वेळी वेगळ्या देशाचा. आणि ही स्वयंपाकघरातली खिडकी...

बोलता बोलता आत्यानं खिडकीला कमरेनं हलकेच धक्का दिला आणि त्याच वेळी वरची खिटी ओढली. खिडकी उघडली. बाहेरून शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका आत आला.

"...ही अडकते," आत्या म्हणाली.

नर्सबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही इथे राहता."

आत्यानं खिटीवरचा हात खाली घेतला.

"घरं दाखवणारी माणसं खिडकी हातानं उघडतात. आधी खटपट करतात, मग 'किल्ली आणली नाही' म्हणतात. तुम्ही बघितलंसुद्धा नाही." त्यांनी पुढे होऊन खिडकी लावली आणि स्वतःच्या कमरेनं ढकलून पाहिली. निघाली नाही. आत्याचा हात आपोआप वर गेला. "जरा डावीकडून. हं. आता खिटी."

उघडली.

आईचे हात मशीनच्या चाकावर होते, पण चाक फिरत नव्हतं. तिकडून ती आत्याकडे अशी बघत होती, जणू डोळ्यांनीच तिचं तोंड दाबून धरलंय.

"मग मला एकच सांगा," नर्सबाई म्हणाल्या. "आवडतं का तुम्हाला इथे?"

एक 'नाही' पुरलं असतं. एवढे दोष सांगून झाल्यावर ते 'नाही' म्हणायला काही जड जायचं नव्हतं. खिडकीतून वारा येत होता, ओट्यावरचा फडका हलत होता.

"हवेशीर आहे," आत्या म्हणाली.

आणि इतक्या हळू म्हणाली की ते विकण्यासाठी म्हटलेलं नाही, हे बहिऱ्यालाही कळलं असतं.

नर्सबाईंनी तिथेच होकार दिला.

त्या गेल्यावर आई बरंच काही बोलली. कापडाच्या घड्या घालत बोलली, म्हणजे घड्या नीट बसल्या नाहीत. "एक शब्द, ताई! एवढ्या लोकांना पळवलंत आणि एक शब्द नाही निघाला? नाही. बस. दोन अक्षरं!"

"आलं होतं गं तोंडात."

"मग?"

"बूट काढून बसली होती ती."

"आपण कुठे बसायचं आता?"

आत्या स्टुलावर बसली होती. तिनं हात वर केला नाही, तोंड संपलं असंही म्हटलं नाही. "आयुष्यभर तो शब्द लोकांच्या अंगावर फेकला," ती म्हणाली. "त्याच्यावर एकानंही घर घेतलं नाही. आज घेतलं."

बाबा संध्याकाळी आले, ऐकलं, बसचं स्टिअरिंग फिरवावं तसा पाण्याचा पेला हातात फिरवत राहिले, आणि 'बघू' म्हणाले नाहीत.

नदीकाठी भाड्याचं घर बघायला आम्ही चौघं गेलो. पलीकडचा एजंट कोवळा होता, नुकती मिशी फुटलेला. आत्याला तो ओळखत नव्हता, पण तिचं बोलणं कुठून कुठून वाहत त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं. "या, या, चपला राहू द्या! हा हॉल. आटोपशीर. परिसर शांत. काय ते आत्ता सांगा काकू, जिन्यात दुसरी पार्टी थांबलीय." बाबा खरंच जिन्यात डोकावून आले. थांबली होती. सामानाची यादी करत होती.

आई भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मशीन कुठे बसेल ते डोळ्यांनी शोधायला लागली. "उजेड कुठून येतो हो?"

"येतो ना, सकाळी."

"सकाळी म्हणजे येत नाही," आत्या पुटपुटली आणि स्वयंपाकघरात गेली. खिडकीपाशी थांबली. आणि सवयीनं, न बघता, तिला कमरेनं धक्का दिला.

खिडकी नवी होती. नुसत्या बोटानं उघडली असती. ती धाडकन उघडली आणि आत्या निम्मी बाहेर गेली. बाबांनी पदर धरून मागे ओढली. समोर, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळ, अर्धवट बांधलेली भिंत होती. त्यावर एक गवंडी बसला होता, त्यानं आत्याकडे बघून ओळखीचं असल्यासारखं हात हलवला.

"हवेशीर आहे ना काकू?" कोवळा एजंट म्हणाला.

आत्यानं पदर सारखा केला. चेहऱ्यावरून वाटलं, आता ही त्याला सोलून काढणार. पण तिनं फक्त ओट्याला टेकून एक चप्पल काढली आणि तळवा चोळला.

"आहे हं बाळा," ती म्हणाली. "त्याची भिंत होईपर्यंत आहे." मग आईकडे वळली. "घेऊ या हे. माझ्याच्यानं आणखी एक जिना होणार नाही."