मांदेलीपाशी थांबलेला कोश

मंगळवारी माझा नवरा गेला.

आम्ही दोघं त्याच्या गावच्या, डोंगरीच्या बोलीचा शब्दकोश करत होतो. शांती नगरच्या घरातल्या कॉम्प्युटरवर सगळा कोश असे. गावी जाताना तो लॅपटॉपवर फक्त मासळीचा विभाग नेई. परतल्यावर आम्ही दोन्ही प्रती जोडायचो. दोघांनी एकच ओळ बदललेली असली की प्रोग्रॅम दोन्ही ओळी दाखवून थांबे. एक निवडल्याशिवाय जोडणी पुरी होत नसे.

तो अर्थ लिहिताना मध्येच घरची माणसं आणायचा.

"कोशात तुझी आई कशाला?" मी विचारायचे.

"मग कुठं ठेवू गं तिला?" तो म्हणायचा. मग हसायचा. "बरं, तुझी ओळ ठेव."

तेराव्यानंतर मी त्याचा लॅपटॉप उघडला आणि प्रती जोडायला घेतल्या. प्रोग्रॅम मांदेलीपाशी थांबला. माझी ओळ होती, ‘लहान सोनेरी मासा.’ त्याची होती, ‘लहान सोनेरी मासा. हिला काट्यांसकट आवडतो.’

कोशासाठी माझीच ओळ योग्य होती. पण ती ठेव म्हणणारं कोणी नव्हतं.

अजून मी निवडलेलं नाही. दोन्ही ओळी तिथं आहेत, आणि कोश अपुरा आहे.