बच्छाव वकिलांचा कोपरा

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या सिग्नलला लाल दिवा लागला की बच्छाव वकील कामाला लागत. शेजारी हेल्मेट कोपरात अडकवून उभ्या असलेल्या एखाद्या तरुणाकडे वळून ते आपुलकीने विचारत, "वय किती रे तुझं? काय करतोस? घरी तुझ्यावर अवलंबून कोण कोण?" वडीलधाऱ्या माणसाने चौकशी केली की उत्तर द्यायचं, ही सवय आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. तो बिचारा सगळं सांगून टाकी. बच्छाव क्षणभर डोळे मिटत आणि दिवा हिरवा होता होता निकाल देत, "तू गेलास तर भरपाईचे फार पैसे येणार नाहीत. हेल्मेट घाल."

बहुतेकजण शिव्या देत. एकाने त्यांना ज्योतिषी समजून हात पुढे केला होता. काहीजण मुकाट्याने हेल्मेट घालत. पुढच्या सिग्नलपर्यंत ते डोक्यावर टिकलं की नाही, याचा पुरावा माझ्याकडे नाही. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलेला असे. मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घातलंच पाहिजे हा त्यांचा कायदा होता. त्यामुळे शिव्या पडत तेव्हा निदान मला कोणी ओळखत नसे.

आमची ओळख झाली ती शत्रू म्हणून. नाशिकच्या कोर्टात मोटार अपघाताचे दावे चालतात, तिथे बच्छाव मेलेल्यांच्या घरच्यांची बाजू मांडत आणि मी विमा कंपनीची. म्हणजे, मेलेला माणूस मुख्यतः स्वतःच्याच चुकीने मेला, हे अदबीने सिद्ध करणं हा माझा व्यवसाय. कसारा घाट आणि आग्रा रोड ही आमच्या क्षेत्रातली दोन दुभती जनावरं. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि वेग वाढला की वकिलांची मुलं परदेशी शिकतात. बच्छाव मूळचे कळवणकडचे. कोर्टात ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, पण चिडले की जिभेवर अहिराणी येई. माझी पहिलीच उलटतपासणी ऐकून त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"काय कंपनी, मेलेल्या माणसाने हॉर्न वाजवला नाही म्हणता? तुमनं काळीज शे का पॉलिसी शे, भो?"

तेव्हापासून मी 'कंपनी' झालो. त्या दिवशी त्यांनीच मला चहा पाजला, आणि माझा मुद्दा कायद्याने बरोबर असल्याचंही सांगितलं. हे त्यांनी केलं नसतं तर बरं झालं असतं. माणसाचा राग करायला काहीतरी आधार लागतो.

या धंद्यात मोठी घाई असते. शवागाराबाहेर काही वकिलांची माणसं नातेवाइकांच्याही आधी पोचतात, रडणाऱ्याला रुमाल देतात आणि त्याच हाताने वकीलपत्र पुढे करतात. बच्छाव दहावा झाल्याशिवाय कोणाच्या दारात जात नसत, आणि दारात जाण्याआधी अपघाताच्या जागी जात. तिथे नुसते उभे राहत. "पंचनाम्यात लिहिलेलं असतं, रस्ता सरळ, उजेड भरपूर, समोरचं स्वच्छ दिसत होतं," ते म्हणत. "लिहिणारा खुर्चीत बसून लिहितो. खुर्चीतून स्वच्छच दिसतं." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य येई, "अपघात होत नसतो, कंपनी. तो कोणीतरी बांधून ठेवलेला असतो. दुसरा येऊन फक्त सोडतो."

रस्ता सुरक्षेच्या एका जाहीर कार्यक्रमात त्यांना प्रमुख वक्ते म्हणून बोलावलं होतं. मांडव अर्ध्या रस्त्यावर घातला होता, म्हणून सगळी वाहतूक उलट्या बाजूने सोडली होती. मान्यवर दुचाकींवरून फेरी काढत आले. फोटोत चेहरा यावा म्हणून हेल्मेटं सगळ्यांनी हातात धरली होती. सत्कार झाले, नारळ झाले, फेटे झाले. बच्छावांनी फेटा नाकारला, हेल्मेट घालूनच माईकपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पहिलं काम, हा मांडव काढा. दुसरं काम त्यानंतर सांगतो." मांडव काढला गेला नाही, त्यामुळे दुसरं काम काय होतं ते नाशिकला कधीच कळलं नाही.

पण ज्या कामासाठी मला हा माणूस आठवतो ते रोहितच्या कोपऱ्याचं.

रोहित हा दिंडोरी रस्त्याजवळच्या एका मळ्यातला मुलगा. वडील नव्हते. आई मंदाताई झेंडू आणि शेवंती लावायची आणि तो मोटारसायकलवर क्रेट बांधून फुलं बाजारात न्यायचा. मळ्याची वाट जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे उजव्या हाताला बांबूची एक चौकट उभी होती. तिच्यावर त्या भागातल्या एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. सगळे त्यांना नुसतं 'भाऊ' म्हणत. भाऊंचा चेहरा खळ्याएवढा होता आणि त्याच्याआडून येणारी गाडी वाटेवरच्या माणसाला दिसत नसे. रोहित वाटेतून बाहेर पडला आणि टेम्पोखाली गेला.

कोर्टात मी म्हणालो, तो न पाहता रस्त्यावर आला. बच्छाव म्हणाले, पाहूनही त्याला काय दिसणार होतं? फ्लेक्सबद्दल बोलायला त्यांना गावातला एक साक्षीदार हवा होता. येताजाता ज्याला सगळ्या गावाने नमस्कार घातला, तो फ्लेक्स पिंजऱ्यात उभं राहिल्यावर एकालाही आठवेना. तरीही बच्छाव जिंकले. चूक टेम्पोवाल्याची ठरली. भाऊ निकालाच्या दिवशी सांत्वनाला आले.

आता पुढे गावाने जे केलं ते फक्त आपणच करू शकतो. रोहितच्या मित्रमंडळाने त्याच्यासाठी 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स केला, आणि तो लावला कुठे, तर त्याच कोपऱ्यावर, भाऊंच्याच चौकटीवर. चौकट आयती होती आणि जागा मोक्याची होती. खाली 'शोकाकुल' म्हणून भाऊंचा फोटो होताच. मंदाताईंनी आग्रहाने फ्लेक्सचं तोंड मळ्याकडे करून घेतलं, पोरगा घराकडे बघत राहावा म्हणून. दर वर्षश्राद्धाला नवा फ्लेक्स येई. त्या स्वतः त्याला झेंडूची माळ घालत.

मग त्याच वाटेवरून सायकलने शाळेला निघालेली एक मुलगी तिथेच पडली. गाडी घासून गेली, पाय मोडला, जीव वाचला. तिचे वडील बच्छावांकडे आले. बच्छाव जागा बघायला गेले आणि तिथूनच त्यांनी मला फोन केला.

"कंपनी, उद्या माझ्याबरोबर या. मंदाताईंकडे जायचंय."

"माझं तिथे काय काम?"

"मी एकटा गेलो तर ती मला हाकलेल. तुम्ही असलात तर हाकलायला योग्य माणूस मिळेल तिला."

आम्ही गेलो तेव्हा मंदाताई ओट्यावर फुलं निवडत होत्या. बच्छावांना पाहून त्यांनी खुर्ची पुसली. मला पाहिलं आणि दुसरी पुसली नाही. बच्छावांनी आडपडदा ठेवला नाही.

"ताई, तो फ्लेक्स काढायला लागेल."

त्यांचा हात थांबला. "कोणी सांगितलं? या कंपनीवाल्यानं?"

"नाही. मीच म्हणतोय."

"वकीलसाहेब, तुम्ही माझ्या पोरासाठी भांडले. आता तुम्हीच त्याला हाकला म्हणता? घरात त्याचा एवढासा फोटू हाय, आधार कार्डावरचा. तिथं तो मोठा दिसतो. जाणारे येणारे नाव घेतात."

"त्या पोरीचा पाय मोडला, ताई."

"मंग माझ्या रोहितनं मोडला का?" त्यांचा आवाज चढला. "भाऊंचा फलक व्हता तवा कोणी काढला नाय. माझं पोरगं लावलं तर सगळ्यांना रस्ता दिसंना झाला! गरिबाचाच फोटू बरा आडवा येतो."

मला वाटलं, आता चहाही न घेता निघावं. बच्छाव मात्र म्हणाले, "नका काढू. फक्त माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चला. तुम्ही तिथे रोज जाता, पण माळ घालायला जाता. आज बाजाराला निघाल्यासारख्या चला."

काय वाटलं कोण जाणे, त्या उठल्या. वाटेच्या तोंडाशी, जिथे रोहितने गाडीचा वेग कमी केला असेल तिथे, बच्छावांनी त्यांना उभं केलं. "आता उजवीकडे बघा आणि रस्ता ओलांडायचा की नाही ते मला सांगा."

मंदाताईंनी उजवीकडे पाहिलं. समोर रोहित हसत होता. गॉगल लावलेला, गळ्यात आईने घातलेली माळ. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्याच क्षणी फोटोतल्या पोराच्या कानामागून भाजीचा एक टेम्पो सुसाट बाहेर आला आणि हॉर्न देत निघून गेला. बच्छावांनी त्यांचा दंड आधीच धरला होता.

त्या एक पाऊल मागे आल्या. मग म्हणाल्या, "दिसलाच नाय हो." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "त्यालाबी नसंल दिसला."

मी कोर्टात ज्याच्या विरुद्ध एवढं बोललो होतो, ते वाक्य असं पुराव्याशिवाय सिद्ध झालं. फ्लेक्स त्यांनी स्वतः सोडला, कोणाला हात लावू दिला नाही. फुलं निवडायच्या पडवीत भिंतीवर तो ताणून बसवला. रोहित आता तिथून दिवसभर आईकडे बघत असे. दोन खुर्च्या मात्र त्या दिवशी पुसल्या गेल्या.

बच्छाव गेल्या वर्षी गेले. मधुमेहाने, झोपेत, स्वतःच्या अंथरुणात. ना गाडी, ना चालक, ना पॉलिसी. दावा लावायला त्यांनी जागाच ठेवली नाही, हे मी कंपनीच्या वतीने कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

आमच्या वकील मंडळींनी शोकसभा घेतली. त्यात त्यांच्या कार्याचं चिरंतन स्मारक करायचं ठरलं, आणि आपल्याकडे चिरंतन म्हणजे फ्लेक्स. खर्च भाऊंनी उचलला. 'अपघातग्रस्तांचा कैवारी हरपला' अशी अक्षरं, बच्छावांचा चेहरा आणि खाली त्याहून किंचित लहान भाऊ. जागाही भाऊंनीच सुचवली: ज्या कोपऱ्यासाठी वकीलसाहेब झटले, तोच कोपरा. सभेत टाळ्या पडल्या. तिथे नको, असं मी सांगून पाहिलं, पण माझं नाव शोकाकुलांच्या यादीत आधीच छापून झालं होतं.

अनावरणाला आम्ही मोठ्या रस्त्याच्या कडेला रांगेत उभे होतो. फोटोग्राफर "साहेब, थोडं मागे" म्हणत होता, आणि साहेब लोक एकेक पाऊल मागे, रस्त्यावर, सरकत होते. तेवढ्यात मळ्यातून मंदाताई आल्या. हातात झेंडू खुडायचा विळा होता.

"हे कोणी बांधलं?"

"ताई, साहेबांचाच आहे," भाऊ मोठ्या मनाने म्हणाले.

"त्यांचा हाय म्हणून तर आले. दुसऱ्या कोणाचा असता तर त्यांनीच सोडला असता."

त्यांनी फ्लेक्सला हात जोडले, डोळे मिटले, पुटपुटल्या. मग विळ्याने एकेक दोरी कापली. भाऊ काहीतरी म्हणत होते, पण आधी बच्छाव आणि मग भाऊ असे दोघेही घडी पडून खाली आले.

फ्लेक्सच्या मागे, वाटेच्या तोंडाशी, एक मुलगी सायकलवरून पाय टेकून थांबलेली दिसली. ती केव्हापासून तिथे होती, आम्हाला माहीत नव्हतं. तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडून गेली. आम्हा शोकाकुल मंडळींकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.