हेडसर आलं

जाधव बाई आमच्या हेडसरांना 'ते' म्हणायच्या. ऐकायला केवढं आदराचं. पण पुढचं क्रियापद आलं की शिक्षकांच्या खोलीत माना खाली जायच्या, कारण बाई 'ते आले' म्हणत नसत, 'ते आलं' म्हणत. आपण ते वासरू आलं म्हणतो ना, तसं. हेडसर दारात उभं असतानाही शिपायाला विचारायच्या, "हेडसर आलं का? चहा प्यायलं का?" चेहरा गंभीर, आवाज साधा. चूक म्हणावी तर बाईंचं मराठी लखलखीत. शिकवायच्या जीवशास्त्र, पण शंका आली की मराठीचे सर त्यांनाच विचारायचे. मीही इथे हेडसरबद्दल तसंच लिहिणार आहे. छापताना कुणी सुधारू नये.

हे सगळं सुरू झालं माझ्यामुळे. श्रीवर्धनकडचं खाडीकाठचं आमचं गाव. वाडीत बायासुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. आई म्हणायची, "मी बोर्लीला जातो, भाकरी हाय ती खाऊन घे." मी मुलगी म्हणून जन्मलो, नाव मुलीचं लागलं, तरी माझं 'जातो-येतो' घरात कुणाला खटकलं नाही. मला मात्र ते बोलताना आतून बरं वाटायचं. हायस्कुलात शुद्ध मराठी आलं आणि पंचाईत झाली. 'येते' काही केल्या तोंडातून निघेना. नववीत धीर करून बाईंना सांगितलं की मी मुलगा आहे. बाईंनी डोळे मोठे केले नाहीत की पाठीवरून हात फिरवला नाही. म्हणाल्या, "बरं. मग हाक काय मारू?" मी म्हटलं, समीर. जुनं नाव त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला आभार मानायला मला उभं केलं होतं. 'मी सर्वांचे आभार मानतो' एवढंच म्हणालो आणि हेडसर स्टेजवर आलं. माइक माझ्या तोंडाशी धरून म्हणालं, मानते म्हण. मग अख्ख्या गावासमोर माझ्याकडून वदवून घेतलं: मी येते, मी जाते, मी मुलगी आहे. लोक हसले. माझा बाप पुढच्या रांगेत होता, तोही हसला. एवढ्यावर भागलं नाही. हेडसर विज्ञानावर घसरलं. हिचा मेंदू मुलाचा असता तर गणितात एवढे कमी मार्क पडले असते का, म्हणालं. मुलींच्या हार्मोनला गणित आणि यंत्र झेपत नाही, म्हणालं. दुसऱ्याच दिवशी मला टेक्निकलच्या वर्गातून काढून शिवणाला बसवलं.

बाई भांडायला गेल्या नाहीत. आधी वर्गावर आल्या आणि धडा बाजूला ठेवून बोलल्या. पोटातल्या बाळाचं शरीर घडतं त्याच वेळी मेंदू घडून संपत नाही, त्याचं काम पुढे बराच काळ चालू राहतं. संप्रेरकं दोन्हीकडे हात घालतात, आणि दोन्हीचा मेळ दर वेळी बसतोच असं नाही, असं काही अभ्यासकांना वाटतं. "पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही," त्या म्हणाल्या. "माइकवरून ठणकावून सांगणाऱ्याकडे तर नाहीच. आणि गणित येणं वेगळं, आपण कोण हे कळणं वेगळं. एका डब्यात दोन्ही भरू नका, आमटी आणि खीर एक होईल."

मग ते 'आलं' सुरू झालं. हेडसरने ऑफिसात बोलावून जाब विचारला तेव्हा बाईंनी दार उघडंच ठेवलं, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "एक मात्रा काढून टिंब दिलंय, सर. तुम्ही त्या पोराचं सगळंच माइकवर बदललंत. त्याच माइकवरून त्याला समीर म्हणा, तो म्हणा. मी त्याच संध्याकाळी 'आले' म्हणेन." हेडसरने काही ते केलं नाही.

इतर शिक्षक म्हणायचे, बाई, सोडून द्या. बाई म्हणायच्या, "ताजा राग नासतो. मुरवला की वर्षभर पुरतो." त्यांचा तर हेडसर निवृत्त होईपर्यंत पुरला. तोवर ते 'आलं' शाळेबाहेर पसरलं होतं. एसटीचा कंडक्टर विचारायचा, "हेडसर बसलं का? बेल मारू?" निरोपसमारंभात सरपंचांची जीभ घसरली आणि 'आपलं लाडकं हेडसर' असं माइकवर निघून गेलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत बाई सगळ्यात शेवटी थांबल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. उपासानंतर मटणाचं ताट पुढे यावं तसा.

संस्थेशी भांडून बाईंनी मला टेक्निकलला परत बसवलं. आज मी न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवतो. मुंबईच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलो तेव्हाही बाई सोबत होत्या आणि त्यांच्या शंका माझ्यापेक्षा जास्त होत्या. संप्रेरकांची इंजेक्शनं सुरू झाली, आवाज फुटला, मिशी आली. क्रेनवरचा हात मात्र आधी होता तसाच राहिला. बाईंना याचं फार कौतुक. भेटेल त्याला सांगायच्या.

गेल्या वर्षी बाईंचं यकृत गेलं. शेवटी भेटलो तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाल्या, "माझ्यामागे तुला माफ करावंसं वाटलं तर कर. माझी ना नाही. पण आधी हेडसर काय बोलतंय ते ऐक."

बाई गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाला अंगणात मंडप होता. वंदना झाली. कोण बोलणार ते पुकारायला माइक माझ्याकडे दिला होता. हेडसर काठी टेकत आलं. फार म्हातारं झालं होतं. मला मंडपामागे नेऊन म्हणालं, गावातली पोरं अजून तसंच म्हणतात, नातू घरी येऊन विचारतो, तू सांगितलंस तर थांबतील. मला खरंच वाईट वाटलं. 'आले' अगदी ओठांवर होतं. मी म्हटलं, "सर, माइकवर एकदा मला समीर म्हणा. मी लगेच थांबवतो."

हेडसरने माझ्या मिशीकडे पाहिलं. खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "हट्ट सोड आता. तू गुणी मुलगी होतीस."

मी तो हात हळूच खाली केला, मंडपात आलो आणि माइक हातात घेतला.

"हेडसर आलं आहे," मी म्हणालो. "त्याला बाईंबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत."

कुणी हसलं नाही. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मी माइक त्याच्या उंचीला लावून दिला आणि बाजूला झालो.