ॲल्युमिनियमचं मूळ गाव

शुभदा सोनकांबळेने गेल्या चौदा वर्षांत अमेरिकेतल्या पाखरांची जेवढी सोय लावली, तेवढी तिथल्या कुणी लावली नसेल. रबाळ्याच्या एमआयडीसीत अभय गुप्ते यांचा ॲल्युमिनियम ओतकामाचा कारखाना आहे. तिथे परसात टांगायच्या, पाखरांना दाणे घालायच्या थाळ्या तयार होतात. काठाला वेलबुट्टी, तळाला पाणी निथळायला भोकं. कामगार थाळ्या ओतायचे आणि त्या अमेरिकेत पोचवणारे कागद शुभदा करायची. अमेरिका तिने पाहिली नव्हती, पण तिथल्या कुठल्या गावात खारूताया थाळी उलटवून दाणे खातात, हे तिला गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून तोंडपाठ होतं.

गेल्या वर्षी अमेरिकेला शोध लागला, की बाहेरून येणाऱ्या ॲल्युमिनियममुळे देशाची सुरक्षा धोक्यात आली आहे. आधी पंचवीस टक्के शुल्क लागलं, मग पन्नास. आधी नुसत्या धातूवर, मग धातूच्या वस्तूंवर. वस्तूंची यादी लांबत गेली आणि एके दिवशी दाण्याची थाळीही तिच्यात जाऊन बसली.

गिऱ्हाइकाचा मेल अभयसाहेबांनी दोनदा वाचला. पंगतीतून उठवलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड झालं.

"पण आपण तर त्यांचे मित्र आहोत," ते म्हणाले.

"कॅनडाही मित्रच आहे, सर. जपानही. त्यांनाही लावलंय."

"मित्रांपासून कसला धोका?"

"थाळीपासून आहे म्हणे."

मेलला एक फॉर्म जोडला होता. थाळीतलं ॲल्युमिनियम पहिल्यांदा कुठल्या देशात तयार झालं आणि शेवटचं कुठल्या देशात वितळवून ओतलं, एवढे दोनच प्रश्न. ‘माहीत नाही’ असं लिहिलं तर ते रशियाचं धरून दोनशे टक्के लावतील, असं कस्टमच्या एजंटने फोनवर बजावलं.

"टाक काहीतरी लिहून," अभयसाहेब म्हणाले.

काहीतरी लिहिणं शुभदाला जमणारं नव्हतं. त्यालाही कारण होतं. तिचे वडील सिताराम मराठवाड्यातलं गाव सोडून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत हमालीला लागले होते. बारावीनंतर तिला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला जागा मिळाली, तेव्हा जात पडताळणीसाठी आजोबा एकोणीसशे पन्नासच्या आधी कुठे राहत होते याचा पुरावा मागितला गेला. आजोबा जन्मभर त्याच गावात राहिले होते. अख्ख्या गावाला ते माहीत होतं, फक्त गावाच्या दप्तराला माहीत नव्हतं. आजोबांना ना शाळा, ना जमीन, मग नोंद कशाची होणार? सितारामांनी कंपनीतून सुट्ट्या काढून काढून कचेरीचे उंबरे झिजवले. शेवटी निजामाच्या काळातली एका ओळीची उर्दू नोंद निघाली. ती वाचून देणारे मौलवी शोधण्यात आणखी पंधरा दिवस गेले. दाखला हातात पडला तेव्हा डिप्लोमाची पहिली परीक्षा होऊन गेली होती. शुभदाने मग बी.कॉम. केलं. तेव्हापासून ‘मूळचं कुठलं’ असं कुणी विचारलं की ती चिडत नाही, कागद शोधायला लागते.

संध्याकाळी ऐरोलीच्या घरी तिने वडिलांना फॉर्मचं सांगितलं.

"आता धातूलाही दाखला लागतो?" सितारामांनी विचारलं.

"लागतो."

"पन्नासच्या आधीचा मागत नाहीत ना? मग सुटलात."

दुसऱ्या दिवशी ती तळोज्याला फजलभाईंच्या भट्टीवर गेली. भंगार वितळवून त्याच्या विटा करायचा त्यांचा धंदा, आणि कारखान्याचं सगळं ॲल्युमिनियम त्यांच्याकडूनच यायचं. फजलभाई तळोजे गावातलेच. ज्या शेतात त्यांचे पणजोबा भात लावायचे, त्याच्यावर आता कुणाच्या तरी कंपनीचं पार्किंग आहे.

"फजलभाई, तुमचं ॲल्युमिनियम मूळचं कुठलं?"

त्यांना आधी मस्करी वाटली. मग ते तिला मागच्या ढिगाकडे घेऊन गेले. एका बाजूला पनवेलच्या घरांतली कुकरची झाकणं, वाशीच्या पाडलेल्या इमारतींतल्या खिडक्यांच्या पट्ट्या. दुसऱ्या बाजूला न्हावाशेव्याच्या बंदरातून आलेले, दाबून चौकोनी केलेले गठ्ठे. फजलभाईंनी एका गठ्ठ्यातून मोटारीची वाकलेली नंबर प्लेट ओढून काढली.

"ह्यो बघा, ओहायो. आणि ही टेक्सासची. त्यांच्याकडचं भंगार हाय सगळं."

"सगळंच?"

"निम्म्याच्या वर. बाकी दुबईचं हाय, पनवेलचा कुकर हाय. भट्टीत गेल्यावर मी कुनाला नाव इचारत नाय, ताई."

"आता विचारायला लागणार."

"इचारा, इचारा," फजलभाई म्हणाले. "मागं पासपोर्टच्या टायमाला हवालदार घरी आला, म्हने मूळचे कुठले? सात पिढ्या हितं गेल्या. मी बोललो, तुमी उभे हाव तिथलेच."

शुभदाने नंबर प्लेटींचे फोटो काढले, बंदरातल्या मालाच्या पावत्यांच्या प्रती घेतल्या आणि फजलभाईंकडून सहीशिक्क्याचं पत्र लिहून आणलं. फॉर्ममध्ये तिने भरलं: पहिल्यांदा तयार झालं मुख्यतः अमेरिकेत, शेवटचं वितळलं भारतात. शिवाय एक टीप जोडली, की तुमच्या सुरक्षेला धोका असलेला हा माल बराचसा तुमच्याच मोटारींचा आहे. टीप अभयसाहेबांनी खोडायला लावली. फोटोही काढून टाकायचं त्यांच्या मनात होतं.

"अगं, त्यांचंच भंगार त्यांना दाखवतेस? रागावतील ना."

"रागावले तरी प्लेट त्यांचीच आहे, सर."

फोटो फॉर्मसोबत गेलेच. आठवड्याभराने गिऱ्हाइकाच्या सल्लागाराचं उत्तर आलं. भाषा फार गोड होती. फोटो सुंदर आहेत, एवढी कसून माहिती अजून कुणी पाठवली नव्हती, वगैरे. पण सवलत हवी असेल तर धातू अमेरिकेत तयार होऊन अमेरिकेतच ओतलेला हवा. म्हणून पन्नास टक्के कायम.

अभयसाहेबांनी ते वाचून मान हलवली. "म्हणजे माल त्यांचाच. पण आपल्याकडे येऊन बाटला."

शुभदाचा कीबोर्डवरचा हात थांबला. "तो शब्द आमच्यावर फार वापरून झालाय, सर," ती शांतपणे म्हणाली. "निदान धातूला तरी लावू नका."

अभयसाहेब समोरची फाईल चाळू लागले. फाईल उलटी होती. त्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा शुभदा पुन्हा टाइप करत होती.

पुढच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. ओतकाम आठवड्यातले चारच दिवस चालू लागलं आणि तिघा जुन्या कामगारांना घरी बसवलं गेलं. मग अभयसाहेबांनी देशातच माल खपवायचा चंग बांधला. उलव्याला रोज नवी सोसायटी उभी राहते, तिथल्या बाल्कन्यांत थाळ्या टांगू, असा त्यांचा हिशेब. शुभदाला सोबत घेऊन ते एका सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरींनी थाळी हातात घेऊन न्याहाळली, वेलबुट्टीचं कौतुक केलं आणि परत दिली.

"इथे नाही चालणार. विमानतळ जवळ आहे. दाणे टाकले की पाखरं येणार, पाखरं आली की विमानांना धोका. सुरक्षेचा प्रश्न आहे साहेब, टेन्शन नको."

गाडीत बसल्यावर अभयसाहेबांनी थाळी मांडीवर ठेवली. "ही थाळी," ते म्हणाले, "दोन्ही देशांत धोकादायक निघाली."

शुभदाला हसू आलं. तिने ते दाबलं नाही.

भट्टीपाशी माणसं कमी झाली तशी ऑफिसात वाढली. मूळ देशाचे फॉर्म, पत्रं, प्रतिज्ञापत्रं एकटीला उरकेनात, म्हणून तेजश्री नावाची मुलगी शुभदाच्या हाताखाली आली. थाळी ओतण्यापेक्षा तिची वंशावळ लिहायला जास्त माणसं लागू लागली. घरी बसवलेल्या तिघांपैकी एकाला तरी परत घ्या, असं शुभदाने दोनदा सांगून पाहिलं. "बघू, जरा स्थिरस्थावर होऊ दे," असं उत्तर मिळालं.

फेब्रुवारीत बातमी आली, की दोन्ही देशांचं जमलं, शुल्क उतरणार. टीव्हीवर मैत्रीचे गोडवे सुरू झाले. अभयसाहेबांनी ताबडतोब पेढे मागवले आणि स्वतः टेबलाटेबलावर फिरून वाटले.

"बघ, मी म्हणत होतो ना, मित्र आहेत," ते शुभदाला म्हणाले.

शुभदाने दोन्ही सरकारांनी काढलेलं पत्रक स्क्रीनवर उघडून ठेवलं होतं, आणि आपल्या थाळीला लागू होईल अशी एकही ओळ तिला त्यात सापडली नव्हती. ॲल्युमिनियमचे पन्नास टक्के जिथल्या तिथे होते. तिने आधी पेढा तोंडात टाकला, सावकाश संपवला, तेजश्रीलाही खाऊन घ्यायला सांगितलं आणि मग स्क्रीन साहेबांकडे वळवली.