लाल बटणावरची हळद

ती घटना आठवली की या वयातही माझी कानशिले तापतात. लेखणी मी फार उशिरा हाती घेतली. शब्दांत काही उणे राहिल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी पवनी भागात उपनिरीक्षक होतो. कालव्यात घरे जाणाऱ्यांना भूखंड मिळणार होते. त्यांची यादी टंकलेखन वर्ग चालवणाऱ्या एका मास्तराच्या संगणकावर तयार झाली आणि दसऱ्यानंतर तहसीलला गेली. तीत एका विधवा मजूर बाईचे नाव नव्हते. तिच्या जागी गावच्या एका पुढाऱ्याचा पुतण्या होता. अर्जांचे मूळ कागद वाळवीने खाल्ले, असे सांगण्यात आले.

"मायं नाव होतं जी. मास्तरनं मशीनच्या काचेवर वाचून दाखवलं मले," बाई ठाण्यात सांगत होती. गावात तिला खोटारडी ठरवले गेले होते. तहसीलमधील एक अधिकारी मला म्हणाला, "एका बाईसाठी एवढं कायले?" मी त्याच दिवशी बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला.

वर्गातील एका विद्यार्थिनीने हवालदाराला हळूच सांगितले, "जुनी यादी पुसली नाही त्यायनं. नवी वेगळी बनवली. जुनी आतच आहे."

आम्ही पंचांसह वर्गात गेलो. मास्तर शांत होता. "मशीन पोळ्यापासून मेली आहे, साहेब. यादी त्याच्या आधीच काढली होती. मेलेल्याले काय विचारता?"

"मंग मेलेल्याले हळदकुंकू कायले लावलं बे?" हवालदार म्हणाला.

"दसऱ्याले सगळ्यायलेच लावतो जी."

पडद्यावर, कळफलकाच्या कडेला हळदीची बोटे जशीच्या तशी होती. आपट्याची पानेही वर सुकलेली. फक्त यंत्र सुरू करायच्या, बाजूच्या लाल बटणावरची हळद मधोमध पुसली होती. पूजेच्या दिवशी आपल्याकडे अवजार चालवत नाहीत. म्हणजे बोट लागले ते दसऱ्यानंतर. मी त्याला एवढेच विचारले, "मग हे बटण कोणी दाबलं?" तो घामाघूम झाला. पुढाऱ्याच्या सांगण्यावरून नाव बदलल्याचे त्याने कबूल केले.

परंतु पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. जुनी यादी हवी होती. आणि नवी यादी काढल्यापासून यंत्राची हार्ड डिस्क, म्हणजे आतली माहिती साठवणारी तबकडी, खरोखरच अडकू लागली होती. ते यंत्र जीपमध्ये टाकून नेण्याचा हुकूम मी दिलाच होता. मला त्यातले काही कळत नव्हते, विचारण्याचा संकोच होता. वरिष्ठांनी नागपूरहून पाठवलेला तंत्रज्ञ वेळेवर पोहोचला म्हणून निभावले.

"हात लावू नका! धक्का बसला तर संपलं."

त्याने डबा आडवा केला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका दिला. दोनदा नुसती करकर. तिसऱ्यांदा तबकडी फिरली. त्याने दुसरे काहीही न पाहता आधी जुनी यादी फ्लॉपीवर उतरवली. पुन्हा ती तबकडी कधीच फिरली नाही.

फ्लॉपीवरून यादी छापली. पंचाने नावे वाचली. बाईचे नाव येताच तिने भूखंडाबद्दल विचारले नाही.

"मंग मी खोटी नव्हती ना जी?"

 पुढे तिला भूखंड मिळाला. पण तहसीलच्या पत्रात कारण लिहिले होते, 'संगणकाची चूक'. त्या पत्राचा संताप अजून गेलेला नाही. त्या बिचाऱ्या यंत्राने तर मरता मरता खरे सांगितले होते. तेव्हापासून कोणी यंत्राकडे बोट दाखवले, की मी ते बोट आधी पाहतो.